बंद करूनच दिला होता

वाल्मीक देवरेनं बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. वरूनच तळहात टेकवला, झटक्यात मागे घेतला आणि समोरच्या बाकावर बसलेल्या गिरधर बोरोलेकडे पाहिलं.

"हात लावून बघा."

"कशाला?" गिरधरनं बशीतला चहा फुर्र करून ओढला.

"तवा आहे तवा. भाकरी टाकली तर फुगेल."

"मी बंद करूनच दिलाय."

"बंद आहे तर गरम कसा?"

"ते मला काय विचारता? आणि सोमवारी तुम्ही दिलात तो काय बर्फाच्या लादीवर ठेवून आणला होता? एरंडोल येईपर्यंत माझी मांडी भाजली. तेव्हा तुम्हीही हेच म्हणालात. बंद करूनच दिलाय."

"मी खरंच बंद केला होता."

"मग मी काय खोटा बंद केला?"

द्रौपदाबाईनं गाळणीवरून मान वर केली. पारोळ्याच्या एसटी स्टँडाला लागून तिचं चहाचं दुकान होतं. दोन बाकं, एक स्टोव्ह, आणि साऱ्या तालुक्याच्या भानगडी. हे दोन साहेब सोमवारी आणि गुरुवारी इथे येऊन भांडतात, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एखाद्या दिवशी भांडण उशिरा सुरू झालं तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पदराला हात पुसत ती आली आणि बॅगेवर पंजा ठेवला.

"माय वं! यानावर तं पापड भाजाई जाई."

"ऐका," वाल्मीक म्हणाला.

"भांडाले ना नही, भाऊ. पन चहा थंडा व्हई ऱ्हायना."

डिसेंबर लागला होता. धुळ्याहून निघालेल्या सकाळच्या एसटीत लोक कानाला मफलर गुंडाळून बसत होते. उन्हाळ्यात या गरम होण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, कारण मे महिन्यात खानदेशात काय गरम होत नाही? सायकलची सीट गरम, नळाचं पाणी गरम, माणसांची डोकी तर विचारूच नका. पण आता अंगात स्वेटर आला तरी त्या बॅगेचा ताप उतरत नव्हता. मग ऊन गेलं, आणि दोष द्यायला फक्त माणूस उरला.

लॅपटॉप कंपनीचा होता. कापसाच्या बियाण्यांची कंपनी. धुळ्याचं काम वाल्मीककडे, जळगावचं गिरधरकडे, आणि दोघांत मिळून यंत्र एक. गावोगाव शेतकरी जमवायचे, त्यांना पडद्यावर बोंडअळीची रंगीत चित्रं दाखवायची, मग आपल्या बियाण्याची. खेड्यात दुपारी वीज असली तर दिवाळीच म्हणायची, म्हणून सगळी मदार बॅटरीवर. आणि बॅटरी हातात येईस्तोवर संपलेली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या यंत्राची गत झाली होती. यानं म्हणावं त्यानं मुद्दाम चालू ठेवून दिला, त्यानं म्हणावं यानं एसटीत पत्ते खेळत आणला.

तसं बघितलं तर या दोघांना भांडायला लॅपटॉपच लागत होता असं नाही. आधी पारोळ्यावरून भांडण झालं होतं. पारोळा धुळ्याला जवळ पडतो, अदलाबदल एरंडोलला करा, असं गिरधरचं म्हणणं. मग एरंडोल जळगावला जवळ नाही का पडत, असं वाल्मीकचं. त्यात वाल्मीकचं चाललं, आणि ते गिरधरनं मनात ठेवलं होतं.

"ऐकलं ना?" गिरधरनं बशी खाली ठेवली. "नव्या वर्षापासून दोन्ही जिल्ह्यांना एकच माणूस. दुसऱ्याला यवतमाळ."

"ऐकलंय."

"पेठे साहेब पुढच्या गुरुवारी येताहेत. स्वतः बघणार म्हणे दोघांचं काम."

"बघू द्या."

गिरधरनं रुमालानं मिशा पुसल्या आणि जळगावच्या गाडीकडे निघाला. जाताना त्यानं बॅगेला हात लावला नाही. देणाऱ्यानं कधीच लावला नाही. हात लावायचा तो घेणाऱ्यानं, आणि बोंब मारायचीही त्यानंच.

वाल्मीकला यवतमाळ नको होतं, आणि त्याला कारण होतं. त्याची बायको लीला जिल्हा परिषदेची शिक्षिका. लग्न झाल्यापासून तिची शाळा पार अक्कलकुव्याकडे, डोंगरात. हा धुळ्यात खोली करून, ती तिकडे खोली करून. सणावाराला भेटायचं, आणि दोन दिवसांत पुन्हा पिशव्या भरायच्या. नंदुरबार वेगळा जिल्हा होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा तिनं खेटे घालघालून, जिल्हा तुटायच्या आत बदली धुळ्याकडे करून घेतली. उशीर झाला असता तर ती कायमची पलीकडेच राहिली असती. आता कुठे धुळ्याच्या देवपुरात एका घरात दोघांचं ताट वाढलं जात होतं. अजून तिला सकाळी याच्याकडे पाहून नवल वाटायचं. "तुम्ही घोरता हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणायची. त्या घरातून उठून आता याला यवतमाळला जायचं नव्हतं. बाकी काही का होईना, पण इथून हलायचं नाही.

गिरधरचंही तसंच. फैजपूरला त्याची केळी होती. बाप जीवराम नानांना मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, भाऊ नाही. गिरधर पहाटे बाग फिरून, पाणी धरून मग जळगावची गाडी पकडायचा. केळीला तान्ह्या पोरासारखं रोज बघावं लागतं. आठवडाभर पाठ फिरवली की गेली. हे वाल्मीकला ठाऊक होतं. गिरधरला लीलाची गोष्ट ठाऊक होती. दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक होतं, आणि म्हणून दोघांनाही दया करणं परवडत नव्हतं.

घरी लॅपटॉप टेबलावर असे, वायर भिंतीत खोचलेली. लीलानं त्यावर धूळ बसू नये म्हणून टीव्हीच्या कव्हरासारखं विणलेलं कव्हर केलं होतं, कडेनं गुलाबी.

"अहो, हे आतल्या आत कुरकुरतं," ती म्हणाली होती.

"चार्ज होतंय ते."

"झाकण लावल्यावरही?"

"झाकण लावल्यावरच होतं," वाल्मीकनं ठोकून दिलं. त्याला काही माहीत नव्हतं. पण घरात एवढं महागाचं यंत्र आणणाऱ्या माणसाला माहीत नाही म्हणून चालत नाही.

शिकवणं झालंच नव्हतं असं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नाशिकला एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं होतं. टाय लावलेला एक तरुण भराभर बोलत होता. चालू असताना हे बटण दाबायचं नाही, सगळं उडेल, एवढं त्यानं दटावून सांगितलं आणि ते दोघांनी पक्कं लक्षात ठेवलं. पुढे त्यानं पडद्यावर काही टिचक्या मारल्या, पण त्याच वेळी मागच्या रांगेत हे दोघं, मशीन धुळ्याच्या नावावर असावं की जळगावच्या, यावरून एकमेकांच्या कानात भांडत होते. दोघांनी वर पाहिलं तेव्हा तो म्हणत होता, "काम झालं की असं बंद करायचं," आणि त्यानं झाकण खट्‌कन खाली पाडलं. झालं. मराठीत बंद म्हणजे बंद. दार बंद, दुकान बंद, बोलणं बंद. पेटी मिटली की बंद, उघडली की चालू. फ्रिजचा दिवा दार लावल्यावर विझतो की नाही, हे आत बसून कोणी पाहिलंय?

गुरुवारी पेठे साहेब नाशिकहून कंपनीची जीप घेऊन आले. धुळ्यात वाल्मीकला बसवलं आणि पारोळ्याला गिरधरला. कार्यक्रम नरडाण्याच्या पुढच्या एका गावात होता, वाल्मीकच्या हद्दीत. साहेब म्हणाले, बोरोले, तुम्हीही चला, एकमेकांचं काम बघा. साहेब पुढे बसले. मागे हे दोघं, आणि मधे गिरधरनं आणलेली बॅग.

अमळनेर गाठायच्या आतच वाल्मीकला मांडीच्या बाजूनं ऊब लागली. आधी बरी वाटली, कारण जीपच्या फटींतून गार वारा आत येत होता. मग ती वाढली. त्यानं गिरधरकडे पाहिलं. गिरधर बाहेरची शेतं बघत होता, मान ताठ. बघा, वाल्मीकला वाटलं, साहेब पुढे बसलेत, आणि याची हिंमत बघा. आजच्या दिवशीही यानं केलंच.

आत्ता बोललं असतं तर काही तरी झालं असतं. बेटावदला थांबून कोणाच्या घरी वायर लावता आली असती. तिथे वीज होती, पानाच्या टपरीवर दिवा जळताना वाल्मीकनं स्वतः पाहिला. तो तोंड उघडणारच होता. मग त्यानं ते मिटलं. होऊ दे. साहेबांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. आपला कार्यक्रम बुडाला तरी बुडू दे, पण याचं बिंग फुटू दे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात ती माणसं मूर्ख असतात असं लहानपणी त्याला वाटायचं. आता त्यातली गोडी त्याला कळली. टपरी मागे गेली, आणि बॅग तापत राहिली.

गावात जिनिंगच्या पत्र्याखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. बायासुद्धा वेचणी सोडून आल्या होत्या. वीज सकाळपासून नव्हती. वाल्मीकनं लॅपटॉप स्टुलावर ठेवला, प्रस्तावना केली, बोंडअळीचं नाव घेतलं आणि झाकण उघडलं. पडदा काळा. बटण दाबलं. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

पुढे बसलेले पुना आबा, गावातले जुने कापूसवाले, बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"सायेब," शेवटी ते म्हणाले, "तुमना टीव्ही निजी गया का?"

सगळी शेड हसली. मागून कोणी ओरडलं, "उठाडा त्याले, चहा पाजा!"

पेठे साहेब हसले नाहीत. त्यांनी शेतकऱ्यांना हात जोडले, तोंडानंच चार गोष्टी सांगितल्या, आणि कार्यक्रम आटोपल्यावर दोघांना जीपच्या मागे नेलं. साहेबांच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, पण तो टायपिस्ट चालवायची. यंत्राचं त्यांना फार कळत नव्हतं. माणसांचं कळतं, असं मात्र ते नेहमी सांगायचे.

"काय प्रकार आहे?"

"यंत्राला हात लावा, साहेब," वाल्मीक म्हणाला.

साहेबांनी लावला. अजून गरम होतं.

"हा चालू होता."

"बंद करूनच दिला होता, साहेब," गिरधर म्हणाला.

"बोरोले, बंद वस्तू गरम होत नाही."

"मीही तेच म्हणतो. होऊ नये. पण मी बंद केला होता. मायची आण."

"आणा-भाका नकोत. देवरे, तुम्ही यांना देता तेव्हा कसा असतो?"

वाल्मीकला सोमवार आठवला. गिरधर हात लावा हात लावा म्हणत होता, आणि यानं हात स्वेटरच्या खिशात घातले होते. एसटीत बॅग वरच्या फळीवर असे. ती गरम की थंड, त्याला कधी कळलंच नव्हतं.

"मी बंद करूनच देतो, साहेब," तो म्हणाला.

"खोटं!" गिरधरचा आवाज चिरकला, आणि ऑफिसातली भाषा गळून त्याची फैजपूरची बोली बाहेर आली. "मले खोटं पाडता? माही मांडी भाजली सोमवारी! विचारा त्या पारोळ्याच्या बाईले!"

"आता त्यांच्यावर ढकलू नका," साहेब म्हणाले. "बॅटरी संपली असती तरी मी काही म्हटलं नसतं. चुकून चालू राहिला म्हणाला असतात तर सोडून दिलं असतं. पण तोंडावर खोटं? बंद होता म्हणे."

"बंद होता, साहेब," गिरधर पुन्हा म्हणाला. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. जे होतं ते त्यानं सांगून झालं होतं. वाल्मीकनं लॅपटॉप उचलून बॅगेत घातला, आणि त्याला मनापासून बरं वाटलं. वाटलं ते वाटलं, उगाच कशाला लपवा.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला गिरधर उतरला, आणि साहेबांच्या पाया पडायला वाकला नाही.

महिनाभरात हुकूम आला. दोन्ही जिल्हे देवरे. बोरोले यवतमाळ.

शेवटच्या अदलाबदलीला गिरधर लॅपटॉपबरोबर वायर, माउस, कंपनीची माहितीपत्रकं, सगळं एका गोणपाटाच्या पिशवीत भरून घेऊन आला. बसला नाही. द्रौपदाबाईनं चहा पुढे केला तर तोही घेतला नाही.

"बंद केलाय?" वाल्मीकनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न सुचतात.

गिरधरनं गोणपाटाची पिशवी बाकावर टेकवली.

"नानांना सांगून आलो," तो म्हणाला, "की बाग वाट्यानं द्या कोणाला तरी. त्यांनी विचारलं, तू असं केलंस तरी काय? मी सांगितलं, काही नाही केलं. तर ते म्हणाले, काही न करता कोणी एवढ्या लांब टाकत नाही. सख्खा बाप. त्यालाही खरं वाटेना."

"आता त्याला मी काय करू?"

"काही नका करू. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच."

तो गेला. त्या दिवशी वाल्मीकनं बॅगेला हात लावून पाहिलाच नाही. लावला असता तर गरमच लागली असती, याची त्याला खात्री होती.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी त्याचं जळगावात काम होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं दोन्ही जिल्ह्यांच्या गावांची नावं नीट टाइप केली आणि झाकण लावून वर विणलेलं कव्हर घातलं. सकाळी लीलानं डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला.

"लवकर या," ती म्हणाली. "आज भरीत करते."

एवढ्या साध्या वाक्यानंही त्याला अजून गुदगुल्या होत होत्या.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. बॅग वर फळीवर टाकायला त्यानं हात उचलला, आणि थांबला. आता ती कोणाच्या हवाली करायची नव्हती. आपलीच होती. त्यानं ती मांडीवर घेतली, दोन्ही हात वर ठेवले आणि डोळे मिटले. गाडी फागण्याला थांबली, मुकटीला थांबली. थंडी चांगलीच होती, आणि हाताखाली ऊब येत होती. झोप लागता लागता त्याला ती लीलाच्या गोधडीसारखी वाटली.

जाग आली ती मांडी भाजली म्हणून.

"हा बोरोले..." त्याच्या तोंडून निघालंच. सवयीनं. मग शिवीही निघाली असती, पण ती अर्ध्यावर अडकली. कुठला बोरोले? बोरोले यवतमाळला होता. हे यंत्र गुरुवारपासून देवपुरातल्या त्याच्याच टेबलावर होतं. त्याच्याच हातानं झाकण लावलं होतं.

त्यानं चेन उघडली. आतून वाफ यावी तशी झळ आली. लॅपटॉप बाहेर ओढून त्यानं झाकण वर केलं. पडदा उजळलेला होता. काल संध्याकाळी टाइप केलेली गावांची नावं जिथल्या तिथे होती, आणि शेवटच्या नावापुढे ती छोटी काळी रेघ अजून लुकलुकत होती, कोणी पुढचं नाव सांगेल म्हणून. रात्रभर, कव्हराखाली, तो असाच बसला होता.

शेजारच्या म्हातारीनं वाकून पाहिलं. वाल्मीकनं घाईघाईनं झाकण लावलं. मग त्याच्या ध्यानात आलं की झाकण लावून काहीच होत नाही. त्याचा हात झाकणावरच राहिला.

पारोळा आला. जळगावची गाडी होती, उतरायचं काही कारण नव्हतं. तो उतरला. पाय आपसूक द्रौपदाबाईच्या बाकाकडे गेले. तिनं न विचारताच चहा ओतला.

"आज कोनले देवानी शे पेटी?"

"कोनलेच नही, अक्का. आते मनीच शे."

ती कप ठेवायला वाकली, आणि तिचा हात सवयीनं बॅगेवर गेला. तिनं भुवया वर चढवल्या.

"आज भी गरम शे! बंद नही करी का?"

"बंद करूनच आणलाय," वाल्मीक म्हणाला.

तिच्याशी तो नेहमी अहिराणीतच बोलायचा. पण हे वाक्य मराठीतच आलं. ते तसंच पाठ होतं.

द्रौपदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. हसावं की नाही हे तिला ठरवता येईना.

"तो बी असाच सांगे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

चहा तसाच राहिला. स्टँडाच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. वाल्मीक उठला, बॅग उचलली आणि बूथमध्ये शिरला. नाशिकचा नंबर त्याला तोंडपाठ होता. सांगून टाकायचं. साहेब, एक चूक झाली, बोरोले खोटं बोलत नव्हता. त्यानं केला होता बंद, मीही केला होता, आम्हाला दोघांनाही बंद करता येत नाही. एवढंच. नंबर फिरवेपर्यंत हे सगळं त्यानं मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. तिकडे घंटी वाजत होती. बूथच्या काचेतून त्याला धुळ्याकडे जाणारी गाडी दिसली, तिच्या पाटीवर देवपूर लिहिलेलं नव्हतं, पण ती तिकडेच जात होती.

"बोला देवरे," पेठे साहेबांचा आवाज आला. साहेब खुशीत होते. "कसं चाललंय? मशीन नीट आहे ना आता?"

वाल्मीकनं घसा साफ केला.

"साहेब, ते मशीनचंच..."

"गरम होत नाही ना?"

बॅग त्याच्या पायाला टेकली होती. पँटमधून कळत होतं.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "आता नाही होत."

"बघा! मी म्हणालो होतो ना? मशीनला काही झालेलं नव्हतं. माणूस ओळखायला आपण चुकत नाही."

"हो, साहेब."

पैसे देऊन तो बाहेर आला. जळगावची पुढची गाडी लागली होती. आता हे यंत्र बंद कसं करायचं हे कोणाला तरी विचारावं लागणार होतं, आणि विचारायचं तर आजवर कसं करत होतो ते सांगावं लागणार होतं. बटणाला हात लावायची सोय नव्हती. सगळं उडेल, असं त्या टायवाल्यानं बजावलं होतं. आणि हे त्याच्याइतकंच नीट माहीत असलेला दुसरा एकच माणूस होता, तो यवतमाळला.

गाडी भरली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी त्याला जागा मिळाली. वरची फळी पिशव्यांनी गच्च होती, खाली कोणाच्या तरी कोंबड्या. बॅग मांडीवरच घ्यावी लागली. एरंडोलच्या अलीकडे म्हातारीनं गारठलेला हात सरकवत सरकवत बॅगेला लावला आणि तिथेच ठेवला.

"डबा शे का, भाऊ?" तिनं कौतुकानं विचारलं. "मस्त गरम शे. घरवालीनी दिन्हा व्हई."

वाल्मीकनं मांडी थोडी सावरली. चटका बसत होता, पण बॅग कुठे ठेवायची हे त्याला सुचत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "डबाच शे."